हाडाला जागा आणि वेळ देणारा पडदा

त्वचेची जखम भरते तेव्हा मागे वण राहतो आणि हृदयाच्या स्नायूचा एखादा भाग मेला तर त्याच्या जागी आकुंचन न पावणारी तंतुमय ऊती येते. हाड मात्र नीट जुळून आले की काही महिन्यांनी तेथे पुन्हा हाडच असते, वण नसतो. हाडाचे हे सामर्थ्य दोन अटींवर टिकून आहे. नवे हाड घडवणाऱ्या अस्थिजनक पेशींना काम करायला मोकळी जागा मिळाली पाहिजे, आणि ती जागा त्यांचे काम पुरे होईपर्यंत मोकळी राहिली पाहिजे. या दोन्ही अटी ज्या ठिकाणी वारंवार मोडतात ते ठिकाण म्हणजे माणसाचा जबडा, आणि म्हणूनच हाडाच्या पुनर्निर्मितीसाठी वापरल्या जाणाऱ्या विरघळणाऱ्या, औषध सोडणाऱ्या पडद्यांची कथा अस्थिशल्यचिकित्सेपेक्षा दंतवैद्यकात अधिक रंगली आहे.

पायरिया या नावाने घरोघरी ओळखल्या जाणाऱ्या हिरड्यांच्या रोगात दाताच्या मुळाशी साचलेल्या जिवाणूंमुळे दीर्घकाळ दाह होत राहतो आणि त्या दाहापायी मुळाभोवतीचे हाड झिजत जाऊन तेथे खड्डा पडतो. दंतवैद्य हिरडी उघडून तो खड्डा साफ करतो, हिरडी परत शिवतो आणि जखम भरूनही येते. परंतु ती भरते हिरडीच्या पेशींनी. हिरडीच्या वरच्या थरातील पेशी फार वेगाने वाढतात, काही दिवसांतच मुळाच्या कडेने खाली उतरतात आणि हाडाच्या वाट्याची जागा बळकावतात. पेरलेले बी उगवून वर येण्याआधी तणाने सारा वाफा भरून जावा, तसा हा प्रकार असतो. दात काढल्यानंतरही असेच नुकसान होते: २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की दात काढल्यापासून वर्षभरात त्या ठिकाणच्या जबड्याच्या हाडाची रुंदी जवळजवळ निम्म्याने घटते आणि या घटीचा दोन तृतीयांश भाग पहिल्या तीन महिन्यांतच होऊन जातो. पुढे तेथे कृत्रिम दात रोवायचा म्हटले तर धातूचा स्क्रू पकडून ठेवील एवढे हाडच उरलेले नसते.

टोरांटो येथील टोनी मेल्चर यांनी १९७६ साली या प्रश्नाची मांडणी अगदी नेमक्या शब्दांत केली. जखमेत कोणत्या प्रकारची ऊती तयार होईल हे त्या जागी कोणत्या पेशी आधी पोहोचतात यावर ठरते, असे त्यांचे म्हणणे होते. आणि ते खरे असेल तर नको असलेल्या पेशींना बाहेर रोखून धरले की हव्या असलेल्या पेशी आपले काम आपणच करतील, हा निष्कर्ष ओघानेच येतो. स्वीडनमधील गोथेनबर्गचे स्तुरे न्यूमन आणि यान लिंडे व डेन्मार्कचे थॉर्किल्ड कॅरिंग यांनी १९८२ साली माणसावर त्याची परीक्षा घेतली. जिवाणू गाळण्यासाठी प्रयोगशाळेत वापरला जाणारा मिलिपोर गाळण-कागद त्यांनी खालच्या जबड्यातील पुढच्या एका दाताच्या मुळावर, हिरडीच्या आत बसवला. तीन महिन्यांनी तो दात भोवतालच्या ऊतीसह काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा मुळावर नवा थर चढून त्यात दाताला धरून ठेवणारे तंतू रुजलेले दिसले. सहा वर्षांनी, १९८८ साली, क्रिस्टर डालिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या खालच्या जबड्याच्या दोन्ही बाजूंना आरपार छिद्रे पाडली, एका बाजूचे छिद्र टेफ्लॉनच्या जातीच्या सच्छिद्र पडद्याने झाकले आणि दुसरे उघडे ठेवले. सहा आठवड्यांत सर्व उंदरांमध्ये झाकलेले छिद्र हाडाने भरून निघाले. उघडे छिद्र बावीस आठवड्यांनंतरही जवळजवळ तसेच होते. पडद्यात औषध नव्हते, रसायन नव्हते, पेशी नव्हत्या. केवळ जागा राखून ठेवल्याने एवढा फरक पडतो, हे या प्रयोगाने दाखवून दिले आणि पुढचे सारे संशोधन त्याच पायावर उभे राहिले.

टेफ्लॉनचा पडदा शरीरात विरघळत नाही. तो काढण्यासाठी हिरडी दुसऱ्यांदा उघडावी लागते, म्हणजे नुकतेच तयार झालेले कोवळे हाड पुन्हा उघडे पडते आणि रुग्णाला शस्त्रक्रियेचा त्रास दोनदा सोसावा लागतो. त्याहून मोठी अडचण अशी की वरची हिरडी जरा आक्रसली आणि पडद्याची कड तोंडात उघडी पडली की तोंडातले जिवाणू त्याच्या छिद्रांत वस्ती करतात आणि संसर्ग थेट हाडापर्यंत पोहोचतो. म्हणून नव्वदच्या दशकात शरीरात आपोआप विरघळून जाणाऱ्या पडद्यांकडे लक्ष वळले. त्यांचे मुख्य प्रकार दोन आहेत.

पहिला प्रकार कोलॅजनचा, म्हणजे त्वचा, कंडरा आणि हाड यांचा सांगाडा ज्या तंतुमय प्रथिनाने बनलेला असतो त्या प्रथिनाचा. गाय-बैल किंवा डुक्कर यांच्या ऊतींमधून ते शुद्ध करून घेतात. आपल्या शरीरात जुने कोलॅजन तोडणारी कोलॅजनेज नावाची विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, सदैव काम करत असतात आणि तीच विकरे हा पडदाही हळूहळू खाऊन टाकतात. दुसरा प्रकार कृत्रिम बहुवारिकांचा, म्हणजे एकाच प्रकारच्या लहान रेणूंची लांबलचक साखळी जोडून बनवलेल्या पदार्थांचा. त्यांतील सर्वांत परिचित पदार्थ पॉलिलॅक्टिक आम्ल हा असून दह्याला आंबटपणा देणाऱ्या लॅक्टिक आम्लाच्या रेणूंपासून तो तयार होतो. शस्त्रक्रियेसाठी शरीरात ठेवण्याचा पदार्थ म्हणून त्याचा पाया आर. के. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील वॉल्टर रीड लष्करी वैद्यकीय केंद्रात घातला. त्यांचा शोधनिबंध १९६६ सालचा आहे, आणि विरघळणारे टाके, स्क्रू व पडदे यांच्या इतिहासात आजही त्याचा उल्लेख होतो. शरीरातील पाणी या साखळीच्या कड्या एकेक करून तोडते, सुटे झालेले लॅक्टिक आम्ल पेशींच्या नेहमीच्या ऊर्जाचक्रात शिरते आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड व पाणी होऊन बाहेर पडते. लॅक्टिक आम्लाबरोबर ग्लायकोलिक आम्ल मिसळून साखळी बनवली की ती अधिक लवकर तुटते. दोहोंचे प्रमाण समसमान असेल तर पडदा साधारण एक ते दोन महिन्यांत विरतो, तर निव्वळ पॉलिलॅक्टिक आम्लाला वर्षाहून अधिक काळ लागू शकतो. पडदा किती दिवस टिकावा हे असे रसायनशास्त्रज्ञाला बऱ्याच अंशी ठरवता येते, ही या पदार्थाची मोठी सोय आहे. मात्र साखळी तुटताना सुटलेले आम्ल पडद्याच्या आतच अडकून राहिले तर ते उरलेल्या कड्या आणखी झपाट्याने तोडते आणि भोवतालच्या ऊतींना दाह करते, त्यामुळे बाहेरून धड दिसणारा पडदा आतून कधीच पोकळ झालेला असतो.

इथे या विषयाचा गाभा येतो. दाताच्या मुळाभोवतीचा लहान खड्डा भरण्यासाठी पडदा चार ते सहा आठवडे टिकला तरी पुरते, पण जबड्याचे हाड रुंद करायचे असेल तर चार ते सहा महिनेही लागतात. संसर्गाचा धोका मात्र सर्वांत जास्त असतो तो पहिल्या एक-दोन आठवड्यांत, हिरडीची जखम पुरती बुजण्याआधी. रक्तवाहिन्या हाडाच्या आधी वाढाव्या लागतात, आणि हाडाच्या पेशींना उत्तेजन हवे असते ते त्या तेथे जमल्यानंतर. म्हणजे पडद्याच्या टिकण्याची वेळ एक, जिवाणूनाशकाची वेळ दुसरी आणि हाडवाढीच्या औषधाची वेळ तिसरी. औषध सोडणाऱ्या पडद्याचे यश हे औषध किती प्रभावी आहे यापेक्षा या तीन वेळा एकमेकींशी किती जुळतात यावर ठरते. नवनव्या औषधांच्या चर्चेत ही साधी गोष्ट मागे पडते, हे खेदाने नोंदवले पाहिजे.

जुळवणीचे एक सुंदर उदाहरण टेट्रासायक्लिन या जुन्या प्रतिजैविकाचे आहे. लहान मुलांना हे औषध देत नाहीत, कारण ते कॅल्शियमला चिकटते आणि उमलत्या दातांवर पिवळट-करडे डाग पाडते. हाच गुण हाडाच्या संशोधकांनी वापरून घेतला: टेट्रासायक्लिन दिलेल्या व्यक्तीच्या त्या काळात तयार झालेल्या हाडाचा थर अतिनील प्रकाशात पिवळा चमकतो, आणि दोन वेळा औषध देऊन दोन चमकत्या रेषांमधले अंतर मोजले की हाड रोज किती वाढते ते कळते. पुढे १९८३ साली अमेरिकेतील लॉर्न गोलब आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की ही औषधे जिवाणूंची वाढ रोखतात ते सोडून आणखी एक काम करतात. कोलॅजन तोडणाऱ्या विकरांना ती लगाम घालतात. या शोधाच्या बळावर त्याच कुळातील डॉक्सिसायक्लिन जिवाणूंना रोखण्यास अपुऱ्या अशा अवघ्या २० मिलिग्रॅमच्या मात्रेत, केवळ विकरांना आवर घालण्यासाठी, पायरियाच्या रुग्णांना देण्यास अमेरिकेत १९९८ साली मान्यता मिळाली. आता कोलॅजनच्या पडद्यात टेट्रासायक्लिन भरले तर काय होईल, याचा अंदाज वाचकाला येईल. पहिल्या दिवसांत ते जिवाणूंना रोखते, आणि त्याच वेळी पडदा खाणाऱ्या विकरांना थोपवून पडद्याचे आयुष्य वाढवते. इस्रायलमधील संशोधकांनी २००४ साली उंदरांच्या त्वचेखाली असे पडदे ठेवून हा परिणाम प्रत्यक्ष दाखवला. त्याच संशोधकांनी पुढे हेही दाखवले की मधुमेही उंदरांच्या शरीरात कोलॅजनचा पडदा अधिक वेगाने नष्ट होतो.

पोटात घेतलेले प्रतिजैविक रक्तावाटे सगळ्या शरीरात पसरते, आणि जिथे रक्तपुरवठा कमी, जसा तो हाडाच्या जखमेत असतो, तिथे ते सर्वांत कमी पोहोचते. पडद्यातून सुटणारे औषध मात्र जखमेच्या अगदी जवळ भरपूर मात्रेत मिळते आणि मूत्रपिंडावर किंवा कानांवर त्याचा भार पडत नाही. याला दुसरी बाजूही आहे. मात्रा फारच वाढली तर अस्थिजनक पेशींनाच ती मारक ठरते; आणि औषध संपत आल्यावर त्याची अगदी क्षीण मात्रा आठवडेच्या आठवडे पाझरत राहिली तर मरण्याऐवजी औषधाला सरावलेले जिवाणू तयार होण्याची शक्यता वाढते. त्यामुळे प्रतिजैविकाने नेटाने सुरुवात करावी, काही दिवस जोर टिकवावा आणि मग लवकर पुरते संपून जावे, असाच पडदा हवा.

असे वेळापत्रक पडद्यात कसे बसवतात, हे समजण्यासाठी तो तयार होताना पाहावा लागतो. आज सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत बहुवारिक आणि औषध एका द्रावकात विरघळवून ते द्रावण सुई लावलेल्या साध्या पिचकारीत भरतात आणि सुईला दहा ते वीस हजार व्होल्टचा विद्युतदाब देतात. सुईच्या टोकावर लोंबणारा थेंब विद्युतभाराने ताणला जातो, शंकूसारखा टोकदार होतो आणि त्या टोकातून द्रावणाची अतिशय बारीक धार निघते. ती हवेत वेड्यावाकड्या गिरक्या घेत जाते, वाटेत द्रावक उडून जातो आणि काही इंच दूर ठेवलेल्या धातूच्या पत्र्यावर एक मायक्रोमीटरपेक्षाही बारीक, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून कमी जाडीचे, तंतू साचत जातात. तासाभरात पत्र्यावर पांढरी, मऊ, कागदासारखी चकती तयार झालेली असते. तंतूंच्या मधल्या फटींतून पाणी, क्षार आणि पोषक द्रव्ये जाऊ शकतात. त्या फटी पेशीच्या मानाने अरुंद असल्यामुळे हिरडीच्या पेशी मात्र अडून राहतात.

औषध तंतूच्या पृष्ठभागाजवळ राहिले असेल तर पडदा ओला होताच पहिल्या दिवसातच त्यातले बरेचसे एकदम बाहेर सुटते. प्रतिजैविकाच्या बाबतीत हा सुरुवातीचा लोंढा बराचसा चालून जातो. हाडवाढीच्या औषधाच्या बाबतीत तो घातक असतो, कारण ज्यांच्यासाठी ते औषध आहे त्या पेशी अजून तेथे आलेल्याच नसतात. म्हणून एका सुईच्या आत दुसरी सुई ठेवून गाभा आणि साल असे दुपदरी तंतू काढतात व नाजूक औषध गाभ्यात कोंडतात. किंवा पडदाच थरांचा करतात. अमेरिकेतील मार्को बोट्टिनो आणि सहकाऱ्यांनी २०११ साली वर्णिलेल्या पडद्याच्या हिरडीकडील थरात मेट्रोनिडॅझोल, म्हणजे हवेवाचून जगणाऱ्या जिवाणूंवरचे आपल्याकडेही सर्रास लिहून दिले जाणारे औषध, भरलेले होते. हाडाकडील थरात हाडाचेच खनिज असलेल्या हायड्रॉक्सिअपेटाइटचे अतिसूक्ष्म कण होते, आणि मधला थर पडद्याला बळकटी देत होता. पडद्याच्या दोन बाजूंना दोन वेगळे शेजारी आहेत हे ओळखून केलेली ही रचना या क्षेत्रातील सर्वांत विचारपूर्वक केलेल्या कामांपैकी एक मानावी लागेल.

हाड वाढवणाऱ्या द्रव्यांच्या इतिहासात वेळ आणि मात्रा चुकल्याचा धडाही आहे. लॉस एंजेलिस येथील मार्शल युरिस्ट यांनी १९६५ साली खनिज काढून टाकलेल्या हाडाचे तुकडे सशांच्या स्नायूत ठेवले आणि जिथे एरवी हाड कधीच नसते त्या स्नायूत नवे हाड तयार झालेले पाहिले. त्यामागचे प्रथिन, म्हणजे अस्थिजनक प्रथिन, पुढे जनुकतंत्राने बनवता येऊ लागले आणि त्या कुळातील दुसऱ्या क्रमांकाचे प्रथिन कोलॅजनच्या स्पंजात भिजवून मणक्यांच्या शस्त्रक्रियेत वापरण्यास अमेरिकेत २००२ साली परवानगी मिळाली. शरीरात हे प्रथिन नॅनोग्रॅमच्या, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या, हिशेबात असते. स्पंज ते धरून ठेवू शकत नसल्यामुळे मिलिग्रॅमच्या मात्रा वापराव्या लागल्या. मानेच्या मणक्यांत ते वापरले गेले तेव्हा काही रुग्णांच्या गळ्याला इतकी सूज आली की श्वास कोंडला, आणि २००८ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाला जाहीर इशारा द्यावा लागला. प्रथिन तेच, हाड घडवण्याचा त्याचा गुणही खरा. ते धरून ठेवणारा आणि थोडे थोडे सोडणारा वाहक मात्र तेवढा सक्षम नव्हता. कोलेस्टेरॉलवरच्या स्टॅटिन गोळ्या उंदरांत हाडवाढ घडवतात असे १९९९ साली दिसून आल्यानंतर त्याही पडद्यांत भरून पाहिल्या जात आहेत, आणि त्यामागचे कारणही वाहकाचेच आहे: गिळलेले स्टॅटिन बहुतांशी यकृतातच अडते, हाडापर्यंत फार थोडे पोहोचते.

भारतातील दवाखान्यांत आज प्रत्यक्ष दिसणारा पडदा या सर्वांहून साधा असतो. फ्रान्सच्या जोसेफ शुक्रून यांनी २००१ साली पुढे आणलेल्या पद्धतीत रुग्णाच्या दंडातून काढलेले सुमारे दहा मिलिलिटर रक्त, ते गोठू नये म्हणून घालायचे औषध न घालता, लगेच वेगाने फिरणाऱ्या यंत्रात ठेवतात. दहा-बारा मिनिटांनी नळीत तीन थर दिसतात: तळाशी लाल पेशी, वर फिक्कट पिवळसर द्रव आणि मध्ये जेलीसारखी पिवळी गाठ. चिमट्याने ती गाठ उचलून तिचे लाल टोक कात्रीने कापतात आणि जाळीच्या डबीत हलक्या हाताने दाबतात; ओलसर, लवचिक असा पडदा हाती येतो. त्यात अडकलेल्या बिंबाणूंमधून रक्तवाहिन्या व ऊती वाढवणारी द्रव्ये आठवडाभर किंवा थोडा अधिक काळ झिरपत राहतात. खर्च थोडा, परकीय पदार्थ काहीच नाही. पण हा पडदा साधारण दोन आठवड्यांत विरून जातो, त्यामुळे हिरडीची जखम लवकर भरायला त्याची मदत होत असली तरी महिनोन्‌महिने जागा राखण्याचे काम त्याच्याकडून होणार नाही, आणि ते होते असे रुग्णाला सांगणे योग्य नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या ऊतिपेढीत प्रसूतीनंतर दान मिळालेले गर्भवेष्टन स्वच्छ करून, वाळवून आणि गॅमा किरणांनी निर्जंतुक करून दिले जाते. भाजलेल्या जखमांसाठी वापरले जाणारे हे पातळ वेष्टन देशातील हिरडीतज्ज्ञांनी दाताभोवतीच्या हाडासाठीही वापरून पाहिले आहे.

मोठ्या हाडांच्या बाबतीत वाट थोडी वेगळी आहे. अपघातात नडगीच्या हाडाचा तुकडाच निघून गेला आणि जखम दूषित झाली तर फ्रेंच शल्यचिकित्सक मास्केले यांच्या पद्धतीने त्या पोकळीत प्रतिजैविक मिसळलेल्या सिमेंटचा ठोकळा बसवतात. सहा ते आठ आठवड्यांत शरीर त्या ठोकळ्याभोवती स्वतःच एक पडदा विणते आणि त्या पडद्यातून हाडवाढीची द्रव्ये स्रवू लागतात. मग पडदा जपून उघडून सिमेंट काढतात आणि कमरेच्या हाडातून घेतलेला चुरा आत भरतात. पद्धत मोलाची आहे, पण शस्त्रक्रिया दोनदा करावी लागते, आणि विरघळणारा वाहक हेच काम एका शस्त्रक्रियेत करील का, यावर बरेच प्रयत्न चालू आहेत.

औषध सोडणाऱ्या पडद्यांचे बहुतेक काम अजून प्रयोगशाळेत आणि उंदीर-सशांपुरते आहे. उंदराच्या कवटीतील काही मिलिमीटरचे छिद्र आणि चावण्याचा दाब, लाळ व जिवाणू यांना सतत तोंड देणारा माणसाचा जबडा यांत मोठे अंतर आहे. शिवाय उंदराचे हाड माणसाच्या हाडापेक्षा लवकर भरते, त्यामुळे उंदरात जुळलेले वेळापत्रक माणसात जसेच्या तसे जुळत नाही. पडदा हे उपकरण आणि त्यातले द्रव्य हे औषध असल्यामुळे परवानगीसाठी दोहोंच्या कसोट्या पार कराव्या लागतात आणि उत्पादकांचे पाय तेथेच अडखळतात. मानवी चाचण्यांत एक उणीव वारंवार दिसते. निकाल स्वच्छ यावेत म्हणून तंबाखू ओढणारे आणि मधुमेहाचे रुग्ण बहुधा वगळले जातात. महाराष्ट्रात मात्र तंबाखूची मिश्री लावणाऱ्या स्त्रिया आणि साखर आटोक्यात नसलेले रुग्ण हिरड्यांच्या दुखण्यासाठी दवाखान्यांत सतत येत असतात. त्यांचे रक्ताभिसरण, त्यांचा दाह आणि त्यांच्या विकरांचा वेग हे सारे वेगळे असते. मधुमेही उंदरांत पडदा लवकर नष्ट होतो हे माहीत असताना, ज्या पडद्यात विकरांना रोखणारे औषध आहे त्याची परीक्षा सर्वांत आधी मधुमेही रुग्णांत, साध्या कोलॅजनच्या पडद्याशी तुलना करून आणि निदान वर्षभर हाड मोजून, व्हायला हवी.